नानांना दिलेले नवे नियम

जळगावात माझं औषधांचं दुकान आहे. महिन्यातून एका रविवारी मी ते बंद ठेवून सकाळच्या एसटीने पारोळ्यावरून धुळ्याला जायचे. नातेवाईक विचारायचे, धुळ्यात कोण आहे? मी सांगायचे, भिशी आहे. चाळिशी ओलांडलेली तीन माणसं एका पॉलिटेक्निकच्या मास्तरांकडे जमतात आणि दुपारभर भुयारात राक्षस मारतात, हे सांगून कोणाला पटलं नसतं.

खेळ कागद, पेन्सिल आणि फाशांचा आहे. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. कोणी योद्धा, कोणी जादूगार. एकाने बाकीचं सगळं जग चालवायचं. किल्ले, जंगलं, शत्रू, हवामान, सगळं त्याच्याकडे. आमचं जग नाना चालवायचे. मी धुळ्यात फार्मसी शिकत असताना ते नवे नवे नोकरीला लागले होते. परदेशातून आलेल्या कोणा मावसभावाकडून त्यांनी नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स मिळवली होती. तेव्हापासून आम्ही तेच पुस्तक खेळत होतो. बाहेर त्याच्या नव्या आवृत्त्या येत गेल्या, नियम बदलत गेले. आमच्यापर्यंत त्याच्या फक्त बातम्या पोचायच्या.

बाकीचे दोघे म्हणजे शेठ आणि इंजिनिअर. शेठचं जळगावात कापडाचं दुकान, पणजोबा मारवाडातून आलेले. इंजिनिअर धुळ्याचाच, वीज कंपनीत. दोघंही माझ्याच वयाचे, तरी मला अक्का म्हणायचे. माझं पात्र चोराचं होतं आणि मी प्रत्येक दाराला सापळा आहे का ते तपासायचे. शेठ म्हणायचा, “अक्काला स्वर्गाचं दार उघडून दिलं तरी आधी बिजागरी बघेल.”

नानांच्या भुयारातले बुटके पहारेकरी अहिराणी बोलायचे. “कोठे चालनात भो? चिठ्ठी शे का?” चिठ्ठी नसेल तर लढाई. उलट त्यांचा अग्निसर्प सरकारी मराठी बोलायचा, आपला अर्ज प्राप्त झाला असून वगैरे, आणि मग जाळायचा. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. नियम मात्र ते पुस्तकाबाहेर एक पाऊल टाकायचे नाहीत, आणि पुस्तक कधी उघडायचेही नाहीत. जुने नियम किचकट होते. चिलखत जितकं भक्कम तितका त्याचा आकडा लहान. साध्या अंगरख्याला दहा, लोखंडी चिलखताला तीन, अभेद्य असेल तर शून्याच्याही खाली. मारणाऱ्याची पातळी आणि समोरच्याचं चिलखत पाहून, फाशावर किती पडायला हवं ते तक्त्यात शोधावं लागे. नाना शोधायचे नाहीत, सांगायचे. शेठ अधूनमधून संशय घेऊन झेरॉक्स उचलायचा. नाना खिडकीकडे बघत म्हणायचे, “डावीकडचं पान, शेठ. खालून तिसरी ओळ.” ती तिथेच असायची.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना ते कॉलेजातून घरी यायचा रस्ता चुकले. नंतर पुन्हा चुकले. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, स्मरणाचा आजार आहे, वाढत जाणारा. हे मला वहिनींनी, म्हणजे नानांच्या बायकोने, स्वयंपाकघरात सांगितलं. बाहेर नाना शेठच्या जादूगाराला पुलाखालून वाहत नेत होते. एकही आकडा चुकत नव्हता.

“महिनाभर मी त्यांना रस्ता दाखवते,” वहिनी म्हणाल्या. “त्या एका दुपारी ते तुम्हाला दाखवतात. तेवढं तुटू देऊ नका.”

मी शब्द दिला. मी शब्द दिला की काहीतरी करते. स्वस्थ बसणं मला जमत नाही.

वर्षभर काही करावं लागलं नाही. नाना चहा घेतला की नाही हे विसरायचे, पण विषबाधेतून वाचायला फाशावर किती पाडायचं ते विसरायचे नाहीत. मग एका रविवारी त्यांनी इंजिनिअरच्या योद्ध्याला नदीत ढकललं. तो योद्धा दोन खेळांपूर्वी मेला होता आणि इंजिनिअर आता पुजारी खेळत होता. इंजिनिअर तसाच पोहला. पुढच्या लढाईत नाना एका तक्त्यापाशी अडले. अर्ध्या मिनिटात आठवलं त्यांना. पण त्या अर्ध्या मिनिटात आम्ही तिघांनी मान खाली घातली होती.

परतीच्या एसटीत मी शेठला माझा उपाय सांगितला. ताजी आवृत्ती मागवायची. मी तिची माहिती वाचली होती. तक्ते जवळजवळ काढून टाकलेले, सगळ्याला एकच पद्धत. फासा टाका, बेरीज करा, मोठा आकडा चांगला. चिलखताचंही तसंच, जितकं भक्कम तितका मोठा. जग चालवणाऱ्यासमोर उभा करायचा घडीचा पुठ्ठा मिळतो, त्यावर सगळं छापलेलं. दुकानात मी रोज बघते. दिवसाला चौदा गोळ्या असतील तर म्हातारी माणसं घोळ घालतात. डॉक्टरांनी त्या चारवर आणल्या की नीट घेतात. हे तसंच होतं. शेठला पटलं. इंजिनिअरला फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, “अक्का, जुनं त्यांना पाठ आहे.” मी म्हटलं, म्हणूनच. पाठ असलेलं जाणार आहे. समोर लिहिलेलं कसं जाईल?

नानांनी माझं ऐकून घेतलं. नवी पुस्तकं उलटसुलट करून पाहिली. “रंगीत आहेत,” म्हणाले. मग, “तू म्हणतेस तर बरोबरच असेल.”

तीन दुपारी काउंटरवर बसून मी सगळ्यांची पात्रं जुन्या नियमांतून नव्यात आणली. काही गोष्टी येत नव्हत्या. माझ्या चोराला जुन्या नियमांत भिंती चढण्याचे शंभरात पंच्याऐंशी होते, नव्यात त्याला जागाच नव्हती. जवळचं काहीतरी भरलं. आणि अजून एक केलं. जुनी झेरॉक्स आणि जुने कागद मी पिशवीत घालून जळगावला घेऊन आले. घोळ नको म्हणून. दोन औषधं एका डबीत ठेवू नयेत, हे मी गिऱ्हाइकांना दिवसातून दहा वेळा सांगते.

नव्या नियमांच्या पहिल्या दुपारी नाना पुठ्ठ्यामागे बसले आणि वाचत राहिले. पहारेकरी आले, पण बोलले नाहीत. शेठने मुद्दाम विचारलं, “भो, चिठ्ठी दाखवू का?” नानांनी वर पाहिलं, हसले आणि पुन्हा ओळीवर बोट ठेवलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. बोट उचललं की ओळ हरवत होती. मग जग कुठून चालवणार?

मी म्हटलं, सवय होईल. पुढचे चार महिने तेच म्हणत राहिले. नाना अभ्यास करत होते. वहिनींनी मला आतल्या खोलीतलं कपाट दाखवलं. त्याच्या दारावर त्यांच्या फळ्यावरच्या सुरेख अक्षरात चिठ्ठी होती, “मोठा चांगला.” खाली दुसरी, तीच. शेजारी तिसरी. रोज सकाळी ते एक नवी लिहायचे, कारण कालची आपणच लिहिली हे त्यांना पटायचं नाही. “परीक्षा असल्यासारखं करतात,” वहिनी म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

चौथ्या महिन्यात त्यांनी एका साध्या उंदराला अठराचं चिलखत दिलं, नव्या नियमांत पक्क्या लोखंडाइतकं. आम्ही तिघं त्या उंदराला पाऊण तास मारत होतो. शेवटी नानांनाच काहीतरी चुकल्याचं जाणवलं. त्यांनी पुठ्ठा हळूच मिटला आणि मला विचारलं, “अक्का, माझं पुस्तक कुठे आहे?”

पुढच्या खेपेला मी पिशवी परत नेली. झेरॉक्स, कागद, सगळं. नाना खूश झाले. पानांवरून हात फिरवला. पहारेकरी पुन्हा बोलला, “कोठे चालनात भो?” शेठ हसला, मीही हसले. मला वाटलं, खाली सगळं शाबूत आहे. वरचं तेवढं काढलं की झालं.

मग इंजिनिअरने वार केला आणि विचारलं, किती पडायला हवं.

“ह्याचं चिलखत चार,” नाना म्हणाले. थांबले. “चार म्हणजे चांगलं ना? का वाईट?”

“चांगलं, नाना,” इंजिनिअर म्हणाला.

नानांनी मान डोलावली. पुढच्या वाराला त्यांनी पुन्हा तेच विचारलं. त्याच्या पुढच्याला शेठने तक्ता उघडून त्यांच्यासमोर सरकवला. त्यांनी तो पाहिला आणि पुस्तक फिरवून दुसऱ्या बाजूने पाहिलं. पहारेकरी त्यानंतर बोलला नाही.

आजार वाढणारच होता, असं डॉक्टर म्हणाले असते. असेलही. मी त्यांना विचारलं नाही. चार महिने मी नानांकडून जे पुसून घेतलं ते आपोआप केव्हा पुसलं असतं, सहा महिन्यांनी की दोन वर्षांनी, हे कोणी सांगू शकत नाही. तेवढा काळ त्यांचा होता. तो मी घेतला, एवढं मला माहीत आहे.

अजून दोन रविवार आम्ही गेलो. इंजिनिअरने जग चालवलं आणि नानांना एक पात्र दिलं. नाना फासा टाकायचे आणि काय पडलं ते न बघता पुढे सरकवायचे. मग वहिनींचा फोन आला. तुम्ही गेलात की रात्रीपर्यंत ते कपाटं उचकतात, म्हणाल्या. काहीतरी तयारी करायची राहिली आहे असं त्यांना वाटतं. काय ते सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. “आता येऊ नका,” त्या म्हणाल्या. “एकट्या आलात तरी त्यांना तेच आठवेल.”

मी बरं म्हणाले.

महिन्याभराने इंजिनिअरने आमच्या तिघांच्या ग्रुपवर विचारलं, आपण खेळायचं का, आणि खेळायचं तर जुन्या नियमांनी की नव्या. शेठने वाचलं. मी वाचलं. तो प्रश्न अजून तसाच आहे. त्याखाली कोणी काही लिहिलेलं नाही.