पाळण्याला आडव्या आलेल्या कावेरी सिस्टर

कावेरी सिस्टर माणसाच्या डोळ्यांकडे बघून बोलतच नसत. आधी तोंडाकडे बघायच्या. आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात कुणी पाय मुरगळला म्हणून गेलं, तरी त्यांची नजर पहिल्यांदा त्याच्या ओठांवर. कडेला बारीक फोडांचा पुंजका दिसला की पाय राहिला बाजूला. "हे काय? चुना लावला? काहून लावला? भिंत हाय का ती?"

आमच्याकडे याला 'जर उतला' म्हणतात; जर म्हणजे ज्वर. अंगातला ताप ओठावाटे बाहेर पडला असं समजायचं आणि वरून चुना थापायचा. काहीजण तर सांगणार, झोपेत पाल चाटून गेली. हे ऐकलं की सिस्टर भडकायच्या. "पालीला दुसरं काम न्हाई व्हय? माणसाचा रोग माणसाकडून येतो. उष्ट्या गिलासातून, पाप्यातून. एकदा शिरला की जन्मभर अंगात दडून बसतो. ताप आला, ऊन लागलं, जीवाला घोर लागला की उठतो. ओठ चुरचुरला त्याच दिवशी डॉक्टरकडं जा, औषध तवाच बराबर लागू पडतं. तुमी चार दिवस चुना थापणार, मग मला तोंड दाखवायला येणार!"

लोकांना ते बोलणं झोंबायचं. मलाही. मी डी.एड. झालेली, चौथीच्या पोरांना रोज स्वच्छतेचे धडे देणारी. मला ही कनेरगाव नाक्याहून आलेली बाई काय शिकवणार, असा माझा तोरा.

माझा भाऊ विलास. त्याच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तेव्हा कुठे घरात पाळणा हलला, मुलगी झाली. बाळंतपण सिस्टरांनीच केलं. बाराव्या दिवशी बारसं. आमच्यात आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेते, नाव सांगते, आणि त्याच वेळी मागून बायका तिच्या पाठीत गुद्दे घालतात. नऊ वर्षं मी त्या गुद्द्यांची वाट बघत होते. आणि नेमका दोन दिवस आधी माझा ओठ उतला. मी चुना लावला आणि नवी साडी नेसून पाळण्याशी गेले.

सिस्टर जेवायला बोलावलेल्या पाहुण्या. ताट सोडून उठल्या आणि पाळण्याला आडव्या आल्या. "मंगलताई, तुमी न्हाई."

"काहून? आत्या मी हाय!"

"ओठ बघा तुमचा. मागून गुद्दे बसले की तोंड सरळ लेकराच्या कानावर आदळतं. बारा दिवसांचं हाय ते. मोठ्याला नुसता फोड येतो, तान्ह्याचा जीव जाऊ शकतो."

माझी आई कडाडली, "शुभ कामात जीव जायची गोष्ट काढता? निघा आमच्या घरातून!"

"निघते. आधी यांना मागं घ्या." पाळण्याच्या दोरीवरचा हात त्यांनी काढला नाही.

मग मी जे बोलले ते लिहायला आज हात कचरतो. पण लिहिलंच पाहिजे. मी म्हणाले, "स्वतःच्या पोटी लेकरू न्हाई, म्हणून दुसऱ्याचा पाळणा बघवंना व्हय तुमाला?"

सिस्टरांचा चेहरा उतरला. हात तिथंच. शेवटी खाटेवरून भावजयच म्हणाली, "मंगलअक्का, रागावू नका. धाकट्या अक्काला सांगू द्या नाव." धाकट्या चुलत बहिणीनं नाव सांगितलं, गुद्दे तिनं खाल्ले. मी न जेवता निघाले.

दुसऱ्याच दिवशी अर्ज लिहिला. माझ्या वळणदार अक्षरात. सदर सिस्टर उद्धट बोलतात, शुभकार्यात अपशकुन करतात, तरी बदली व्हावी. सह्यांना दुपारसुद्धा लागली नाही. चुन्यावरून बोलणी खाल्लेलं अर्धं गाव तयारच होतं.

माझा ओठ मात्र भरेना. हिंगोलीला डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "ही चुन्यानं भाजलेली कातडी आहे. नुसतं सोडलं असतं तरी आठ-दहा दिवसांत गेलं असतं. घरात तान्हं बाळ नाही ना?" मी बारशाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "ज्यांनी अडवलं त्यांचे पाय धरा बाई. हा विषाणू एवढ्या बाळाच्या मेंदूपर्यंत जातो. मग आमच्याही हातात फार काही राहत नाही."

स्वतःचा असा संताप मला कधीच आला नव्हता. नऊ वर्षांनी आलेलं लेकरू, आणि मला माझा मान मोठा वाटला! पोरांपुढे खडू घेऊन विज्ञान सांगायचं आणि घरी ओठाला चुना फासायचा! चिडले मी, सह्या करणाऱ्या प्रत्येकावर चिडले. पण अर्ज माझाच होता. तो मागे घ्यायला तालुक्याला गेले, तर बदलीचा आदेश निघालेला. टेबलामागचे साहेब हसून म्हणाले, "तुमचंच अक्षर आहे की, मॅडम."

निघायच्या दिवशी सिस्टर विलासच्या दारात आल्या. बाळ महिन्याचं झालं होतं. मी धावत गेले, "सिस्टर, आत या."

त्या बाहेरच थांबल्या. तोंडावरचा पदर बाजूला केला. ओठाच्या कडेला फोडांचा पुंजका, वर मलमाचा पातळ थर. "बदलीचं कळल्यापासून जीवाला घोर हाय. माझाबी उतला. इथूनच बघते."

भावजयीनं खाटेवरूनच बाळ उचलून दाखवलं. त्या बघत राहिल्या. मी हात जोडले, "माझं चुकलं सिस्टर. लई चुकलं."

"ते राहू द्या. नाव काय ठेवलं तेवढं सांगा. त्या दिवशी भांडणात मला ऐकूच आलं न्हाई."

"रेवा," मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले, आणि उंबऱ्याबाहेरूनच लेकराला नावानं हाक मारली.