पाच बियांची चावी

बोरीवली स्टेशनाबाहेरच्या चावीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. चावी घासताना तो डोळे मिटून घेतो आणि ती कुलपात फिरली की गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच ओरडतो, "लागली!"

हिमाचलातल्या एका मेंढपाळ बाईनं मला डोंगरातल्या रानटी झुडपाच्या बिया दिल्या होत्या. वाटाण्याच्या कुळातलं, जांभळ्या फुलांचं झुडूप. ते खाऊन शेळ्यांचं दूध वाढतं, असं ती सांगत होती. मी दोनदा बिया पेरल्या, रोज पाणी घातलं, पण एकही उगवली नाही. उरलेल्या पाच पर्समध्येच पडून होत्या. कपाटाची चावी करायला गेले, तेव्हा त्या नेमक्या चावीवाल्याच्या फळीवर सांडल्या.

रोज पाणी घालूनही या उगवत नाहीत, असं मी म्हणाले, तशी त्यानं एक बी नखानं दाबून बघितली. "ताई, ही तर लॉक आहे ना! वरून पाणी ओतून काय फायदा?"

मग डोळे मिटून, सगळ्यात बारीक कानशीनं त्यानं पाचही बियांवर एकेक चरा पाडला. फक्त सालावर. आतल्या गराला धक्का नाही. एवढी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवूनही हा उपाय मला सुचला नव्हता, आणि माझा हातही इतका हलका झाला नव्हता.

बिया दिवसभर भिजवून मी रेताड मातीत लावल्या. आठवड्यात चार कोंब वर आले. कुंडी पोटाशी धरून मी थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. हातातली चावी खाली ठेवून तो कोंबांकडे बघतच राहिला. त्यानं तोंड उघडलं, पण मी त्याला संधीच दिली नाही. भर बाजारात ओरडले, "लागली!"