ट्रेमधल्या अक्षता

आईचा लॅपटॉप सुरूच होईना, म्हणून त्यात नव्याने ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला बसलो. सीडी घातली की तो नुसता घरघरायचा आणि काळ्या पडद्यावर डिस्क सापडत नसल्याचं सांगायचा. पुन्हापुन्हा तेच झालं तेव्हा मी वैतागलो. "भंगार झालाय हा, टाकून दे," असं आईला म्हणालोही. ती शेंगा सोलत होती.

मग ट्रे बाहेर ओढून नीट पाहिलं. कडेला कुंकू, झेंडूची सुकलेली पाकळी आणि आत तांदळाचे दाणे.

"दसऱ्याला शिलाई मशीनबरोबर ह्याचीही पूजा केली," आई म्हणाली. "बटण दाबलं तर ताटलीसारखं पुढे आलं. म्हटलं, इथेच वाहाव्यात अक्षता."

हा लॅपटॉप मी तिला काही हौसेने दिला नव्हता. सीडी तेव्हाच अडकायची. माझा नवा आला आणि जुन्याला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून तिच्याकडे सरकवला. आपल्याला नकोशा झालेल्या वस्तू आपण किती सहज आईवडिलांच्या घरी नेऊन ठेवतो. तिथे त्यांना झेंडूचं फूल वाहिलं जातं, हे आपल्याला माहीतही नसतं.

दाणे झटकायला हात होईना. ट्रे तसाच आत ढकलला आणि पेनड्राइव्ह लावला. त्यावरून सिस्टीम निमूट चढू लागली.

"माझ्यामुळे बिघडला का रे?" आईने हळूच विचारलं.

"नाही गं. मी दिला तेव्हाच बिघडलेला होता."

ती हसली. तिला वाटलं, मी तिची समजूत काढतोय.