साहेबाची शाई

आमच्या घरातल्या महॉगनीच्या टेबलाला आई कायम ‘धूड’च म्हणत आली. कुण्या इंग्रज साहेबाच्या लायब्ररीतलं ते टेबल वडिलांनी लिलावात घेतलं होतं. दोन्ही बाजूंना खण, वर हिरवं कातडं. येता-जाता त्याचा कोपरा लागायचा आणि आई वैतागायची. वडील गेल्यावर आम्ही मायलेकींनी रत्नागिरीतच फ्लॅट घेतला. टेबल तिथल्या लिफ्टमध्ये मावणार नव्हतं, जिन्यात वळणार नव्हतं. मी फोटो काढून इंटरनेटवर टाकले. आई नको म्हणाली नाही, म्हणून मीही पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

मुंबईच्या एका जुन्या फर्निचरच्या व्यापाऱ्याचा फोन आला. कातड्यावर मधोमध तांबडा डाग दिसतोय तो कसला, म्हणाला. डाग कुंकवाचा होता. आमचा गणपती दरवर्षी त्याच टेबलावर बसतो. एकदा पूजेत करंडा कलंडला आणि कुंकू कातड्यात मुरलं ते मुरलंच. हे सांगितलं तर गिऱ्हाईक हातचं जाईल असं मला वाटलं. साहेबाची शाई असावी, असं मी ठोकून दिलं. गडी एकदम खूश. अशी खूण असली की टेबलाला वजन येतं म्हणे.

दोन दिवसांनी तो टेम्पो घेऊनच आला. साहेब आत्ताच उठून गेल्यासारखा त्या डागावरून बोट फिरवत राहिला. तेवढ्यात आई चहा घेऊन आली, तर त्याने तिलाही कौतुकाने साहेबाची शाई दाखवली.

“शाई कसली हो? कुंकू ते. गणपतीचं,” आई म्हणाली.

माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. व्यापारी खट्टू झाला, मग म्हणाला, कातडं नाहीतरी बदलावंच लागेल, टेबल नेतो. आईने ओल्या फडक्याने टेबल पुसलं, वर विडा आणि नारळ ठेवला आणि हात जोडून गणपतीला गाऱ्हाणं घातलं. एवढी वर्षं या जागी बसलास, आता जागा हलतेय, चुकलंमाकलं पदरात घे आणि माझ्या लेकीला सांभाळ, असं काहीसं. चूक माझी आणि माफी ती मागत होती. तो माणूस समोर नसता तर मी तिचे पाय धरले असते. पण तो होता, आणि मी नुसती उभी राहिले.

टेम्पो गेला. कपबशा उचलता उचलता आई म्हणाली, “नव्या जागेत गणपती कुठं बसवायचा गो? तू बघून ठेवलं असशीलच म्हणा.”

फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, माझं कपाट, सगळ्यांच्या जागा मी टेप लावून मापून आले होते. गणपती माझ्या डोक्यातही आला नव्हता.

“हो,” मी म्हटलं.