शेपटी कोरडी हाय

सुंदराकाकी सकाळी उठली की चहाच्याही आधी गोठ्यात जाऊन नुसती बसायची. झाडू नाही, शेण नाही, धार नाही. उंबऱ्याला टेकून गुरांकडे बघत राहायची. कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत तिचं घर. मी तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातला, गायी भरवणारा माणूस. सरकारी भाषेत कृत्रिम रेतन करणारा. पदाने डॉक्टर नाही, पण वाड्यावाड्यांवर मला डॉक्टरच म्हणतात आणि मीही ते कधी खोडून काढलं नाही. पहिल्यांदा तिला तशी बसलेली पाहिली तेव्हा मला वाटलं, म्हातारी आळशी दिसतेय.

गाय फळायला तयार झाली की ती 'माजावर आली' म्हणतात, पण 'माज' हा शब्द तिने माझ्यासमोर कधी उच्चारला नाही. बायांनी, त्यातून विधवेने, परक्या पुरुषापुढे तो बोलायचा नाही अशी तिकडची रीत. ती फोनवर एवढंच म्हणायची, "गाय बोलाया लागली. सकाळी बोललीय, तुमी सांजच्याला या. आत्ता आलात तर फुकट जाल." प्रशिक्षणात मलाही हेच शिकवलं होतं. फरक एवढाच, की मी ते विसरायचो आणि ती विसरायची नाही.

एकदा तिची तांबडी गाय व्यायल्यावर महिन्याभरातच माजावर आली. मी म्हटलं, आलोच आहे तर भरवून टाकू. माझ्या महिन्याच्या कामातही एक गाय वाढली असती. काकी उसळलीच. "बाईला बाळंतपनात सवा म्हयना देता, नि हिला तेवढाबी नाय? आतून अजून भरून यायचीय ती. हाडं बघा कशी वर आलीत! दोन म्हयने खाऊ दे तिला, मंग या." मी रेताचा डबा उचलून परत फिरलो. शेजारच्या गोठ्यांतल्या गायी तीन-तीनदा उलटायच्या, गाभ न धरता पुन्हा माजावर यायच्या. काकीची गाय एका खेपेत गाभण राहायची. त्याचं श्रेय मी दवाखान्यात खुशाल स्वतःकडे घ्यायचो.

तिचा मुलगा संतोष मुंबईला नोकरीला. आईने गोठा मोडून आपल्याकडे यावं, असा त्याचा धोशा होता. त्याचंही फार चुकत नव्हतं. एकटी म्हातारी, गुडघे गेलेले. शेवटी माय-लेकात ठरलं, की यंदा तांबडी गाभण राहिली तर गोठा ठेवायचा, नाहीतर सगळं आवरून मुंबई. व्यायल्यावर पुरते दोन महिने थांबून आषाढात काकीने मला बोलावलं. पुढे फोनवर खुशीत म्हणाली, "दोनदा दिस टळले, बोलली नाय. ऱ्हायली बघा!"

गणपतीला संतोष गावी आला आणि नेमकी त्याच दिवसांत तांबडी हंबरायला लागली. त्याचा फोन आला, "साहेब, गाय उलटली. अर्जंट या." गाभण गायही क्वचित असा खोटा माज दाखवते. तिला पुन्हा भरवलं तर आतल्या नळीने गाभ पडू शकतो, म्हणून भरवण्याआधी हात घालून गाभ तपासायचा असतो. दोन महिन्यांचा गाभ हाताला सहज लागत नाही, शोधावा लागतो. मला त्या दिवशी अजून चार वाड्या करायच्या होत्या.

गाय भरवताना बाया गोठ्यात थांबत नाहीत. काकी कुडाच्या पलीकडे उभी होती. तिथून तिचा आवाज आला, "संतोष, शेपटी कोरडी हाय रे तिची. खऱ्या बोलन्यात शेपटीला चिकट तार लागते. त्यांना सांग, आधी हात घालून बघा." संतोष माझ्याकडे बघून ओशाळं हसला आणि ओरडला, "आई, तू घरात जा गो! डॉक्टरना कळतंय." मी मान खाली घालून हातमोजा चढवत होतो. बाहेरून एक म्हातारी मला माझं काम शिकवतेय आणि तिचा मुलगा ते ऐकतोय, एवढंच माझ्या डोक्यात गेलं. मी गाय तपासली नाही. भरवली.

आठव्या दिवशी तांबडीने गाभ टाकला. मुठीएवढा जीव होता, असं शेजारणीने सांगितलं. मी बघायला गेलो नाही. दिवाळीच्या आत गुरं विकली गेली, गोठ्याला कडी लागली.

त्यानंतर काकी मला महाडच्या एसटी स्टँडवर दिसली. बोचक्यावर बसली होती. संतोष वीर स्टेशनला जायला रिक्षा बघायला गेला होता. टाळून जावंसं वाटलं, पण तिने आधीच पाहिलं होतं.

"डॉक्टर, येक इचारू?" ती म्हणाली. "त्या दिशी मी कुडाच्या मागनं बोलले, ते तुमाला ऐकू आलं व्हतं?"

तिच्या आवाजात राग असता तर मी कदाचित खरं बोललो असतो.

"नाही काकी," मी म्हटलं. "आत गुरांचा आवाज होता."

तिने मान हलवली, बराच वेळ हलवत राहिली. "मंग माझंच चुकलं. मोठ्यानं बोलाया पायजे व्हतं मी."

तेवढ्यात रिक्षा आली. मी तिचं बोचकं उचलून आत ठेवलं, आणि तिने मला हात जोडले.