उल्काची झाकली मूठ

उल्का निमकरच्या घरातली वाईट बातमी बाहेर यायची ती शिळी होऊनच. गिरीशची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, आयटीतली नोकरी गेली तेव्हा आम्हा इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या मराठी मंडळींना कळलं ते त्याला दुसरी लागल्यावर, आणि तेही पेढ्यांसकट. मधल्या काळात ही बाई प्रत्येक कार्यक्रमाला इस्त्रीची साडी नेसून हजर. नागपूरच्या हेडमास्तरांची लेक. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे वडिलांनी पाढ्यांबरोबर शिकवलेलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे आमची मैत्री कशी टिकली हे आम्हा दोघींच्या नवऱ्यांना पडलेलं कोडं आहे.

मुलगा यतीन शिकायला लीड्सला गेला आणि घर रिकामं झालं. उल्का शाळेत मुलांच्या जेवणाच्या सुट्टीत देखरेखीचं काम करायची, तिथेच कुणीतरी तिला फॉस्टरिंगबद्दल सांगितलं. ज्यांना आईबाप सांभाळू शकत नाहीत अशी मुलं कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, दुसऱ्या घरी ठेवते, ते. मंडळात कुजबुज झाली. परक्याचं पोर कशाला घरात, असं दोघीतिघींनी मला विचारलं. मी म्हटलं, तुमच्या घरातली आपली पोरं तरी कुठे तुमचं ऐकतात?

दोन हजार सहाच्या वसंतात दिया आली. अकरा वर्षांची, लंडनमध्ये जन्मलेली. आई मुंबईची, पण तिला स्वतःलाच सांभाळणं जमेना. मधे एका घरी ठेवून झालं होतं, तिथे मुलगी टिकली नव्हती. लंडनच्या त्या कौन्सिलला मराठी घर हवं होतं आणि जवळपास मिळेना, म्हणून मुलगी आमच्या हॅम्पशायरमध्ये. उद्देश चांगलाच होता. पण जिल्हा बदलला आणि तिचं दुखणं कुणाचं, हा प्रश्न निघाला.

कारण दियाला झोप नव्हती. उल्का दुकानात एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेली तरी ती किंचाळायची. आईला भेटून आली की दुसऱ्या दिवशी घरात काहीतरी फुटायचं. तिला मुलांच्या मानसोपचाराची गरज आहे हे शाळेलाही दिसत होतं. इथले आरोग्यवाले म्हणाले, मुलगी लंडनची, खर्च लंडनने करावा. लंडनवाले म्हणाले, ती आता तुमच्या डॉक्टरकडे नोंदवलेली आहे, तुम्हीच बघा. सगळे फोनवर इतके गोड बोलायचे की माझं डोकं उठायचं. उल्का मात्र प्रत्येकाला थँक यू म्हणून फोन ठेवायची आणि परत लावायची. शेवटी लंडनने माघार घेतली आणि पुढच्या आढाव्यापर्यंत हेलन नावाच्या एका खासगी थेरपिस्टचा खर्च द्यायचं कबूल केलं.

हेलनकडे वाळूने भरलेला एक ट्रे होता आणि त्यात मांडायला लहान लहान माणसं, घरं, जनावरं. पहिले काही आठवडे दिया नुसती वाळू चाळत बसली. मग एकदा तिने घर मांडलं, आणि मग बोलायला लागली. दर गुरुवारी परतताना ती गाडीत झोपायची. पोर झोपलं, एवढंच सांगायला उल्का मला मुद्दाम फोन करायची.

आणि अशा वेळी आली ती आढाव्याची बैठक. उल्काच्याच दिवाणखान्यात. लंडनहून बाई आल्या, शाळेतून एकजण आला, दियाही बसली होती. मुलाच्या समोरच सगळं बोलायचं, अशी इथली पद्धत. मुलगी कशी आहे, असं बाईंनी विचारलं. आता आपल्याकडे चारचौघांत आपल्या पोराविषयी कुणी विचारलं तर आई काय म्हणते? उल्काने तेच केलं. छान रुळलीय, वरणभात आवडीने खाते, गणित उत्तम आहे, झोपही लागते. ती खोटं बोलली नाही, फक्त चांगलं चांगलं वेचून सांगितलं. पोरीचे धिंडवडे तिच्या तोंडावर, परक्यांसमोर, तिच्याने काढवेनात. बाई खूश होऊन चकल्या खाऊन गेल्या.

थोड्याच दिवसांत निरोप आला की मुलगी उत्तम स्थिरावल्यामुळे थेरपीची गरज उरलेली नाही, महिनाअखेर ती बंद होईल.

मला हे तेव्हा कळलं नाही. कळलं ते चिवड्याचे पोहे भाजताना. उल्काने गरम होतंय म्हणून बाह्या सरसावल्या आणि दंडावर हिरवा-निळा डाग दिसला. कपाटाचं दार लागलं, म्हणाली. मी दुसरी बाही वर केली. तिथे दुसरा. मी म्हटलं, कपाट बरंच चिडकं दिसतंय तुझं. तेव्हा ती ओट्याला टेकून रडली, आणि मग सगळं आलं. थेरपी बंद होणार हे कळल्यापासून दिया रोज बिथरत होती. मारत होती, लाथा घालत होती आणि नंतर त्याच हातांना बिलगून बसत होती.

मी संतापले. तुझी ती झाकली मूठ पोरीच्या मुळावर आलीय, असं मी तिला तोंडावर सुनावलं. उघडून सांग सगळं. त्यावर ती म्हणाली,

"सांगितलं तर ते म्हणतील, यांना जमत नाहीये. उचलून नेतील तिला, वैभवी. चौथं घर होईल तिचं."

गप्प राहिली तर हेलन जाणार, बोलली तर दियाच जाण्याची भीती. तिला सल्ला द्यायची माझी हिंमत होईना, आणि तशी वेळ माझ्यावर क्वचितच येते. तिने रात्रभर काय विचार केला मला माहीत नाही. सकाळी तिने लंडनला फोन करून तातडीची बैठक मागितली. दियालाही आधी सांगितलं, मी तिथे तुझ्याबद्दल तुला वाईट वाटेल असं बोलणार आहे, पण हेलनसाठी बोलणार आहे. दियाने खांदे उडवले आणि त्या दिवशी जेवली नाही.

बैठक लंडनच्या ऑफिसात. गिरीशला सुट्टी नव्हती आणि उल्का मोटरवेवर गाडी चालवत नाही, म्हणून ड्रायव्हर मी. उल्का आणि दिया आत गेल्या. मी बाहेर पार्किंगच्या माणसाशी भांडत बसले. आत काय झालं ते उल्काने मला नंतर सांगितलं.

तिने खाली मान घालून सुरुवात केली. झोप, किंचाळणं, फुटलेल्या वस्तू, हातावरचे डाग. बोलताना दियाकडे बघायचं धाडस झालं नाही. ती थांबल्यावर आढावा घेणाऱ्या बाईंनी हळुवारपणे विचारलं, की मग ही प्लेसमेंट, म्हणजे दियाचं तुमच्याकडे राहणं, संपवावी असं तुम्हाला वाटतं का?

"मी मुलगी परत करायला आले नाहीये," उल्का म्हणाली. "तिच्यासाठी डॉक्टर मागायला आलेय."

कुणी काही बोलायच्या आत दिया बोलली. "शी मिस्ड वन. मी कात्रीने तिची साडी पण कापली. लग्नाची साडी. ते तिने सांगितलं नाही." आणि मग बाईंकडे बघून, "आय नीड हेलन."

त्या साडीचं तोवर मलाही माहीत नव्हतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. खर्च कुणी करायचा हा वाद दोन्हीकडच्यांनी आपसांत मिटवावा, पण तो मिटेपर्यंत एकही गुरुवार चुकणार नाही आणि मुलगी आहे तिथेच राहील, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. उल्काने थँक यू म्हटलं. या वेळी मलाही ते म्हणावंसं वाटलं, पण मी तोवर पार्किंगचा दंड खिशात घालून बसले होते.

येताना उल्का माझ्या शेजारी बसली होती, दिया मागे. फार्नबरोच्या पुढे मागच्या सीटवरून आवाज आला.

"मावशी, तू त्यांना सगळं सांगितलं. लाइक, एव्हरीथिंग."

"हो."

"अँड वी आर स्टिल गोइंग होम?"

उल्का वळली. "घरीच. रात्री वरणभात आहे. तू आदळआपट केलीस तरी वरणभातच आहे."

दिया खिडकीकडे तोंड करून हुंदके देऊन रडायला लागली. मी आरशातून बघत होते. वाटलं, आता ही नेहमीसारखी म्हणेल, रडू नकोस, लोक बघतात. पण उल्काने सीटबेल्टच्या पट्ट्यातून जमेल तेवढा हात मागे केला, आणि बेसिंगस्टोक येईपर्यंत तिला रडू दिलं.