आत्याची रेघ

कुणाच्या घरी गेलं आणि पाणी पुढे आलं, की आमची आत्या ते संपवून पेला उलटा करायची. बूड बघायची, काठावरून अंगठा फिरवायची आणि मग घरच्या माणसांना विचारायची, "पाणी गोड आहे हो. पण हा पेला तुम्हाला कुणी दिला?" पेला स्टीलचा असो की काचेचा, चौकशी ठरलेली. मुरबाडमधल्या निम्म्या घरांत या सवयीची चेष्टा व्हायची. आत्या यायची म्हटलं की बायका ठेवणीतले पेले बाहेर काढायच्या.

आमचा चांदीचा धंदा आजोबांनी सुरू केला. ते आसपासच्या गावांसाठी जोडवी, वाळे, करदोडे घडवायचे. वडिलांनी त्याचा कारखाना केला. कारखाना म्हणजे दुकानामागची पत्र्याची लांब शेड. तिथं ताम्हनं, पळी-पंचपात्र्या, निरांजनं, करंडे बनू लागले आणि मुरबाडबरोबर शहापूरच्या दुकानांतही जाऊ लागले. मात्र लोक आमचं भांडं ओळखायचे ते वडिलांमुळे नव्हे, आत्यामुळे. तिला वाशिंदला दिलं होतं. वर्षभरात नवरा गेला आणि ती परत आली. आजोबांनी तिला भट्टीजवळ बसवलं, नुसती देखरेख करायला. ती बसल्या बसल्या विझलेल्या कोळशानं फरशीवर पानं काढू लागली. त्यातलं एक पळसाचं पान वडिलांनी ताम्हनाच्या काठावर घेतलं. तेव्हापासून आमच्या भांड्यांवरची प्रत्येक नक्षी तिच्या हातची.

मोर तिला आवडायचा नाही. गिऱ्हाइकानं मोर मागितला की म्हणायची, "आपल्याकडे मोर नुसता ओरडतो, दिसतोय कुठं? जे दिसतं ते काढू." म्हणून आमच्या भांड्यांवर मोहाची फुलं आली, कुड्याच्या लांब शेंगा आल्या, भाताच्या लोंब्या आल्या. नवं भांडं आधी महिनाभर घरच्या देवघरात वापरायचं, मग विकायला काढायचं, हाही तिचाच नियम. पंचामृताचं दही नक्षीत अडकलं की ती नक्षी बाद. वडील चिडायचे. "अगं, इतकी सुंदर वेल आहे!" ती म्हणायची, "सुंदर आहे ना? मग घास तू रोज चिंचेनं. ज्यानं घासायचं त्याला विचारून नक्षी काढावी."

तिचा दुसरा नियम कारागिरांसाठी होता आणि मला तो आज सगळ्यात जास्त छळतो. ती कागदावर पेन्सिलीनं नक्षी काढायची. कारागीर त्यावर पातळ कागद ठेवून रेघ उतरवून घ्यायचा, तो कागद भांड्यावर चिकटवायचा आणि त्यावरून छिन्नी चालवायचा. एकदा एका जुन्या कारागिरानं तिचं पान स्वतःच्या मनानं जरा नीट केलं. आत्यानं ते तयार ताम्हन भट्टीत टाकायला लावलं. "माझी रेघ वाईट असेल तर तोंडावर सांग," ती म्हणाली. "पण न सांगता सुधारू नको." पुढे टोकावड्याकडचा नारायण आमच्याकडे आला. त्यानं हे वाक्य इतकं मनावर घेतलं, की कागदावर माशी बसली असती तर त्यानं तीही कोरली असती. आत्याच त्याला असं चिडवायची. तो हसून म्हणायचा, "आत्याबाई, आमी जसं हाय तसंच उतरवतो. माशी तुमी हाकला."

गेल्या काही वर्षांत आत्याचा उजवा हात कापायला लागला. कल्याणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "गोळी खाल्ली की घटकाभर हात माझा," ती सांगायची, "मग त्याचा." त्या घटकेत ती नक्षी काढायची; पण ती घटकाही आखडत चालली होती. तिची नजरही मंदावली होती. कागद डोळ्यांजवळ धरला तरी तिला पान दिसायचं, पानाची कड दिसायची नाही.

वडिलांमागे दुकान माझ्याकडे आलं होतं. एका दिवाळीच्या सुमाराला मी नारायणच्या हातात एक करंडा पाहिला. झाकणावरच्या वेलीची रेघ बारीक बारीक लाटांची होती. मी कागद मागितला. कागदावरही तेच. नारायण माझ्याकडे बघत राहिला.

"शेठ, काय करू?"

"तुला काय वाटतं?"

"सरळ केली तर आत्याबाईंना अंगठ्याला कळंल. ठेवली तर जगाला दिसंल."

दोन्ही खरं होतं. सरळ केलेल्या रेघेला ती "ही माझी नव्हे" म्हणाली असती. आणि तिला सांगायचं, तर काय सांगायचं? थांब म्हणून? तिच्याकडे दुसरं काय होतं? मी म्हणालो, "आहे तसं उतरव." आज सांगू, उद्या सांगू, असं करत चैत्र आला. तयार भांडी आत्याच्या हाताखालून जायची तेव्हा मी काहीतरी काम काढून तिला बोलण्यात गुंतवायचो. ती काठ तपासायची, बूड तपासायची, नक्षीवरून अंगठा फिरवायचा मात्र राहून जायचा. की तीच टाळत होती? मला अजून कळलेलं नाही.

आसनगावच्या नव्या सोसायटीतल्या एक बाई मुलीच्या लग्नासाठी केलेला पूजेचा संच न्यायला आल्या. ताम्हन उजेडात धरून त्या म्हणाल्या, "अहो, हे काय? सगळीकडे हात हललाय. तुमचा कारागीर घेतो का हो?"

नारायण चहासुद्धा न पिणारा माणूस. तो छिन्नी खाली ठेवून पुढे आला, मान खाली घातली. "चुकलं बाई. मी दुसरं करून देतो."

शेडच्या दारातल्या पडद्यामागून आत्या उठून आली. तिनं ताम्हन मागितलं. काठावरच्या पानांवरून अंगठा फिरवला, एकदा, मग उलट्या दिशेनं. ती त्या बाईंना म्हणाली, "याचा हात नाय हलला. माझा हलला. यानं बरोबर उतरवलाय."

बाई ओशाळल्या. "असू दे हो आजी. वेगळंच आहे, छान दिसतंय."

"नाय दिसत," आत्या म्हणाली.

संध्याकाळी तिनं मला विचारलं, "बाळ्या, तुला कधी कळलं?"

"दिवाळीला."

तिनं मनाशी काहीतरी जुळवलं. त्या काळात गेलेली भांडी तिला आठवत असावीत. शहापूरच्या एका शिक्षकांच्या नातीचं बारसं, धसईच्या सोयऱ्यांचा देव्हारा. "मला वाटलं होतं, निदान तू सांगशील," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पेन्सिल माझ्या पुढ्यात ठेवली आणि जेवायला गेली.

नंतर तिनं एक प्रयत्न केला. नारायणला समोर बसवलं आणि तोंडानं नक्षी सांगू लागली. "देठ जरा कलता घे. अरे, इतका नको, पाऊस पडून गेल्यावर असतो तसा. हां... नाय रे." नारायण घामाघूम झाला. चार कागद झाले. शेवटी ती हसली. "राहू दे नारायण. बोलून पान निघत नाय."

त्यानंतर आमच्याकडे नवी नक्षी झाली नाही. मी रेघ ओढू शकत नाही, मी हिशेबाचा माणूस. बाहेरून नक्षीचे तयार ठसे आणले, त्यांत मोर आहेत, आणि गिऱ्हाइकं ते आनंदानं नेतात. आत्या तरीही रोज शेडमध्ये येऊन बसायची. तिथं तिला काही काम नव्हतं आणि घरी जा म्हणायचं धाडस आमच्यात नव्हतं.

मग ती अंथरुणाला खिळली. बोलणं गेलं. हात मात्र दिवसभर चादरीवर हलत राहायचा. मला ते बघवायचं नाही. मी उशाशी बसून तो हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवायचो, तिला तेवढाच आराम म्हणून. ती सोडवून घ्यायला बघायची, मी आणखी घट्ट धरायचो. असे कित्येक दिवस गेले.

एका दुपारी नारायण भेटायला आला. बराच वेळ पायाशी उभा राहून बघत होता. मग हळूच म्हणाला, "शेठ, हात सोडा त्यांचा."

"का रे?"

"थरथर नाय ती. काढतायत त्या कायतरी."

मी हात सोडला. आत्याचं बोट चादरीवरून वर गेलं, वळलं, जरा थांबलं आणि परत सुरुवातीच्या जागी येऊन पुन्हा निघालं. नारायण वाकून, आपलं बोट खाटेच्या कडेवर ठेवून, तिच्या मागोमाग फिरवत राहिला. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं बघत बसलो. ते कुठल्या झाडाचं पान होतं, ते आम्हाला कळलं नाही.